जुनी लहान ट्रॉलर यॉट : घेण्यापूर्वी काय पाहावे आणि घेतल्यावर ती कशी सांभाळावी

प्रश्न असा आहे : निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेले एक जोडपे ३४ फूट लांबीची, १९८० च्या सुमारास तैवानमध्ये बांधलेली, एका डिझेल इंजिनाची ट्रॉलर यॉट (मासेमारी बोटीच्या धर्तीची, सावकाश चालणारी, आत राहता येईल अशी बोट) पाहून आले आहे. इंजिन ३,५०० तास चाललेले आहे, डेकवर सागवानी पट्ट्या आहेत, आतले लाकूडकाम देखणे आहे आणि किंमत त्याच आकाराच्या नव्या बोटीच्या मानाने फारच कमी आहे. इंजिनाचे तास जास्त झाले आहेत का, दोन इंजिनांची बोट शोधणे बरे का, आणि बोट घेतल्यावर दरवर्षी किती खर्च धरावा, असे त्यांनी विचारले आहे.

इंजिनाच्या तासांची काळजी सर्वांत शेवटी करावी, असे मी सुरुवातीलाच सांगेन. या पिढीच्या बोटींचे आयुष्य ठरवते ते वरून झिरपणारे पावसाचे पाणी. तळाचा फायबरग्लास बहुधा जाड असतो आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तो वर्षानुवर्षे टिकतो. डेक, खिडक्या आणि इंधनाच्या टाक्या यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे गोडे पाणी शिरते, साचून राहते, लाकूड कुजवते आणि लोखंड गंजवते, आणि हे सारे गुळगुळीत रंगाच्या व वार्निशच्या आड चाललेले असल्यामुळे पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. म्हणून बोट पाहायला पावसाच्या दुसऱ्या दिवशी जावे. कोरड्या ऋतूत ते शक्य नसेल, तर मालकाच्या परवानगीने डेकवर पंधरा-वीस मिनिटे पाण्याचा पाइप सोडावा आणि मग आतून कपाटे, गादीखालच्या फळ्या आणि खिडक्यांखालचे कोपरे हाताने चाचपावेत.

सागवानी डेक ही या बोटींची शोभा आहे आणि तीच त्यांची सर्वांत महाग दुखापतही आहे. त्या काळी सागवानाच्या पट्ट्या डिंकाने चिकटवून न थांबता फायबरग्लासच्या डेकवर स्क्रूने आवळल्या जात, आणि एका डेकवर असे स्क्रू शेकड्यांनी नव्हे तर हजारांनी असतात. डेक म्हणजे फायबरग्लासचे दोन पातळ थर आणि त्यांच्यामध्ये बाल्सा (एक हलके लाकूड) किंवा प्लायवुडचा गाभा. प्रत्येक स्क्रू वरचा थर भेदून त्या गाभ्यात उतरतो. पट्ट्यांमधला काळा भराव सुटला, किंवा वर्षानुवर्षे घासून सागवान पातळ झाल्यामुळे स्क्रूवरचे लाकडी बूच निघाले, की त्या प्रत्येक छिद्रातून पाणी आत जाते आणि परत बाहेर येत नाही. डेकवरून टाचेवर जोर देत चालावे. पाय किंचित दबला, किंवा पट्टीच्या कडेने पाणी बुडबुडले, तर खालचा गाभा गेला असे समजावे. त्यानंतर प्लास्टिकच्या लहान हातोडीने सगळीकडे ठोकून पाहावे. भरीव, खणखणीत आवाज येत असताना मध्येच बद्द आवाज आला, तर तेथे खडूने खूण करावी आणि खुणांनी व्यापलेला भाग किती आहे ते पाहावे.

दोन-चार ठिकाणी हात-दीड हाताचा भाग कुजलेला असेल तर बोट सोडून देण्याचे कारण नाही. निम्मा डेक गेला असेल तर मात्र सागवान पूर्ण काढणे, वरचा फायबरग्लास कापणे, गाभा खरवडून नवा घालणे, पुन्हा फायबरग्लास चढवणे आणि त्यावर न घसरणारा रंग देणे हे सगळे करावे लागते. हे काम कारागिरांकडून करून घेतल्यास त्याचा खर्च या वयाच्या बोटीच्या खरेदी किमतीच्या आसपास सहज पोहोचतो. स्वतः केल्यास एक पूर्ण हंगाम जातो. आधीच्या मालकाने सागवान काढून, गाभा दुरुस्त करून रंगाचा साधा डेक केला असेल, तर ती बोट कमी देखणी दिसली तरी मी तिलाच जास्त किंमत देईन. दलाल याच्या नेमके उलट सांगतील, कारण छायाचित्रात सागवान विकले जाते.

खिडक्यांची तपासणी त्याच पद्धतीची आहे. सरकत्या काचांच्या लाकडी चौकटींच्या खालच्या खोबणीत पाणी साचते आणि ते केबिनच्या भिंतीत उतरते. त्या काळच्या अनेक बोटींत या भिंती प्लायवुडवर फायबरग्लासचा थर देऊन केलेल्या असत. चौकटीखालचे आतले लाकूड काळे पडले असेल, किंवा अलीकडेच तेवढ्याच भागाला नवे वार्निश दिलेले दिसत असेल, तर तेथे अंगठ्याने दाबून पाहावे. वरच्या सुकाणूच्या जागेचे, म्हणजे फ्लायब्रिजचे, तिच्या शिडीचे आणि डोलकाठीचे जेथे जेथे बोल्ट आहेत तेथेही हेच करावे.

आता टाक्या. या बोटींत डिझेलच्या टाक्या बहुधा साध्या लोखंडी पत्र्याच्या असतात आणि इंजिनाच्या दोन्ही अंगांना, बोटीच्या भिंतीलगत बसवलेल्या असतात. त्या आतून डिझेलमुळे गंजतात असा समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डेकवरच्या इंधन भरण्याच्या तोंडाजवळून झिरपलेले पाणी टाकीच्या माथ्यावर साचते आणि टाकी वरून, बाहेरच्या बाजूने सडते. विजेरी आणि आरसा घेऊन माथा पाहावा. दिसत नसेल तर मोबाइलचा कॅमेरा हात लांब करून आत घालावा. टाकीखाली डिझेलचा ओघळ किंवा नव्याने मारलेला रंग दिसला तर विक्रेत्याला थेट विचारावे. टाकी बदलायची म्हणजे पुष्कळदा इंजिन वर उचलावे लागते, किंवा जुनी टाकी जागेवरच तुकडे करून काढावी लागते आणि तिच्या जागी दोन-तीन लहान टाक्या बसवाव्या लागतात. लहान टाक्यांनी क्षमता थोडी घटते, पण या आकाराच्या बोटीला जुन्या टाक्यांतले सगळे इंधन क्वचितच लागते, म्हणून तो मार्ग मी वाईट मानत नाही.

इंधनाचा विषय निघालाच आहे तर वेगाविषयीची अपेक्षा येथेच स्पष्ट करावी, कारण नंतरची पुष्कळशी निराशा तिच्यातूनच येते. पाणी बाजूला सारत जाणाऱ्या बोटीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीने बांधलेला असतो : लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले की नॉटमध्ये (ताशी सागरी मैलांत) ती मर्यादा मिळते. ३४ फुटी बोटीची पाण्यातली लांबी ३१ फूट धरली तर हे उत्तर साडेसात नॉटच्या जवळ येते. त्या काळच्या बऱ्याचशा ‘ट्रॉलर’ बोटींचे बूड मागच्या बाजूला सपाट होत जाते, त्यामुळे मोठे इंजिन असल्यास त्या ही मर्यादा ओलांडू शकतात, पण त्यासाठी जळणारे इंधन कोणत्याही हिशेबात बसत नाही. एक लिटर डिझेल साधारणपणे चार ते पाच अश्वशक्ती एक तास पुरवते. अशी बोट साडेसहा नॉटने न्यायला पंचवीस-तीस अश्वशक्ती पुरतात, म्हणजे ताशी सहा लिटरच्या आसपास; साडेसात नॉटला हा आकडा दुपटीकडे झुकतो. एका नॉटसाठी दुप्पट इंधन देण्यापेक्षा सकाळी तासभर लवकर निघावे, हे ज्यांना पटते त्यांनीच ट्रॉलर घ्यावी.

यातूनच इंजिनाचे उत्तर मिळते. त्या काळात या बोटींत फोर्डच्या औद्योगिक डिझेल इंजिनावर आधारलेले, ६.२ लिटरचे, सहा सिलिंडरांचे, १२० अश्वशक्तीचे लेहमन हे इंजिन फार वापरले गेले. पर्किन्सची इंजिनेही तितकीच रुळलेली आहेत. १२० पैकी तीस-चाळीस अश्वशक्तीवर चालणारे, टर्बो नसलेले असे इंजिन नीट सांभाळले तर ८,०००–१०,००० तास आणि त्याहूनही अधिक चालते. चार दशकांत ३,५०० तास म्हणजे वर्षाला शंभरहूनही कमी. खरे तर चिंता वाटावी ती या कमी वापराची, कारण उभे राहिलेले इंजिन आतून गंजते, त्याची रबरी अंगे कडक होतात आणि थंड पाण्याच्या वाटा क्षारांनी भरतात. वर्षाकाठी दीडशे तास चाललेले आणि वेळेवर ऑइल बदललेले ५,००० तासांचे इंजिन मला दहा वर्षे धक्क्याला बांधून ठेवलेल्या १,५०० तासांच्या इंजिनापेक्षा जास्त भरवशाचे वाटते.

तपासणीच्या दिवशी इंजिन अगदी गार असावे, असे विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे आणि गेल्यावर पहिल्यांदा त्यावर हात ठेवून खात्री करावी. आधीच तापवलेले इंजिन सुरू होण्यातला आळस लपवते. सुरू होताना थोडा पांढरा धूर येऊन तो काही मिनिटांत विरला तर हरकत नाही. निळा धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो, आणि भार पडल्यावर न थांबणारा काळा धूर इंजिनावर जास्त ओझे असल्याचे किंवा त्याला हवा कमी पडत असल्याचे सांगतो. खुल्या पाण्यात गेल्यावर पूर्ण थ्रॉटल देऊन इंजिन त्याच्या ठरलेल्या कमाल फेऱ्यांपर्यंत पोहोचते का, हे पाहणे आवश्यक आहे. लेहमन १२० साठी ही संख्या मिनिटाला २,५०० आहे. इंजिन तेथपर्यंत जात नसेल तर पंखा (प्रोपेलर) मोठा आहे, तळ शेवाळला आहे किंवा इंजिन थकले आहे, आणि यांतले कोणते ते ठरेपर्यंत सौदा पुढे नेऊ नये. याच वेळी तापमानाच्या काट्यावर नजर ठेवावी. पूर्ण भारावर तो हळूहळू चढतच राहिला तर बहुधा हीट एक्स्चेंजर, म्हणजे समुद्राच्या पाण्याने इंजिनाचे कूलंट थंड करणारा भाग, तुंबला आहे.

ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत अवश्य पाठवावा, परंतु एका नमुन्यावर निर्णय टेकवू नये. त्यात सोडियम आणि पाणी आढळले तर समुद्राचे पाणी किंवा कूलंट कोठून तरी आत शिरत असण्याची दाट शक्यता आहे. धातूंचे प्रमाण मात्र मागच्या नमुन्यांशी ताडून पाहिल्याखेरीज फारसे काही सांगत नाही. ऑइल नुकतेच बदललेले असेल तर अहवाल जवळजवळ निरुपयोगी ठरतो. लेहमनच्या मालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची आहे : त्याच्या डिझेल पंपाचे ऑइल इंजिनाच्या ऑइलपासून वेगळे असते आणि ते साधारण दर ५० तासांनी बदलायचे असते. विक्रेत्याला हे माहीत आहे का, एवढे सहज विचारले तरी इंजिनाची निगा कशी राखली गेली याचा अंदाज येतो.

इंजिनाला लागून असलेला, पण इंजिनापेक्षा जास्त घात करणारा एक भाग म्हणजे एक्झॉस्टचा वाकडा तुकडा, ज्यात तापलेल्या धुरात समुद्राचे पाणी मिसळते. उष्णता, खारे पाणी आणि धुरातली आम्ले एकत्र आल्यामुळे तो आतून झिजत जातो आणि बाहेरून धडधाकट दिसतो. तो कधी बदलला याची नोंद नसेल तर बदलायचाच आहे असे धरून चालावे; तो फुटून पाणी उलटे सिलिंडरमध्ये गेले तर एका सुट्या भागाऐवजी पूर्ण इंजिन उघडावे लागते. याच संदर्भात पुढे मालकाच्या उपयोगी पडेल अशी सूचना : इंजिन सुरू होत नसताना स्टार्टर पुन्हा पुन्हा मारत बसू नये. प्रत्येक प्रयत्नात पंप पाणी ओढत राहतो, धुराचा जोर नसल्याने ते बाहेर फेकले जात नाही, मफलर भरतो आणि पाणी इंजिनात चढते. दोन-तीन प्रयत्नांनंतर पाण्याचा सी-कॉक, म्हणजे समुद्राचे पाणी आत घेणाऱ्या वाटेवरची झडप, बंद करावा, आणि इंजिन पेटताक्षणी तो उघडावा.

एक इंजिन की दोन, या प्रश्नावर मतभेद आहेत आणि ते राहणार. माझे मत एका इंजिनाकडे झुकते. एका इंजिनाच्या बोटीत पंखा आणि सुकाणू कीलच्या (तळाच्या मध्यावरून खाली उतरलेल्या कण्याच्या) आडोशाला असतात. ओंडका, जाळे किंवा उथळ तळ यांच्यापासून ते बऱ्यापैकी वाचतात. दोन इंजिनांत पंखे दोन्ही बाजूंना उघडे असतात, इंजिनांवरचा खर्च जवळपास दुप्पट होतो, आणि ३४ फुटांच्या बोटीत दुसरे इंजिन बसवल्यावर त्यांच्या बाहेरच्या बाजूंना हात पोहोचत नाही. जेथे हात पोहोचत नाही तेथली निगा राहत नाही. शिवाय वाटेत डिझेल इंजिन बंद पडते ते पुष्कळदा घाण इंधनामुळे, आणि दोन्ही इंजिने तेच इंधन पीत असतात. दोन फिल्टर शेजारी शेजारी बसवून चालू इंजिनात एकावरून दुसऱ्यावर जाण्याची सोय केली, तर दुसऱ्या इंजिनाने मिळणारा पुष्कळसा दिलासा थोडक्यात मिळतो. दोन इंजिनांचा खरा फायदा धक्क्याला लागताना दिसतो; एका इंजिनाने ते कसे जमवावे हे पुढे लिहिले आहे.

बोट पाण्याबाहेर काढल्यावर तळावर फोड दिसले तर घाबरून जाऊ नये. या वयाच्या फायबरग्लासला ते येतात, बहुतेक वेळा वरच्या थरापुरते असतात आणि सौद्यात किंमत उतरवायला उपयोगी पडतात. अधिक लक्ष द्यावे ते सी-कॉककडे : प्रत्येक सी-कॉक हाताने फिरला पाहिजे, आणि खरवडल्यावर धातू गुलाबी दिसला तर त्यातले जस्त निघून गेले आहे, तो कधीही तुटू शकतो. पंख्याचा शाफ्ट हलवून बेअरिंगमध्ये ढिलाई आहे का तेही तपासावे.

विजेच्या बाबतीत जुन्या बोटी म्हणजे प्रत्येक मालकाने आपापली एक वायर जोडून वाढवलेला गुंता असतो. धक्क्यावरून वीज घेण्याचे सॉकेट काढून पाहावे; त्यावर तपकिरी जळका डाग असेल तर ते आणि मागची वायर दोन्ही बदलावीत, कारण बोटींवरच्या आगींचे ते एक नेहमीचे उगमस्थान आहे. घरातल्या फिटिंगसारख्या एकेरी कडक तारा सापडल्या तर त्या काढून टाकाव्यात. थरथरणाऱ्या बोटीत त्या तुटतात. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी बाहेर निचरा असलेल्या स्वतंत्र कप्प्यातच हवी, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर बिल्जमध्ये (बोटीच्या बुडाच्या पोकळीत) साचतो.

व्यवहाराचा क्रम पक्का ठेवावा. प्रस्ताव देण्यापूर्वीच विमा कंपनीला बोटीचे वय, लांबी आणि बांधणी कळवून विमा मिळेल का हे विचारावे, आणि बोट ठेवायला जागा आहे का तेही पाहावे. चाळीस वर्षांवरच्या बोटीला अनेक कंपन्या नकार देतात आणि विम्याशिवाय अनेक मरिना जागा देत नाहीत. प्रस्ताव लेखी असावा, सर्व्हे (तज्ज्ञाने केलेली बोटीची तपासणी) आणि समुद्रातली चाचणी समाधानकारक असण्याच्या अटीवर असावा, आणि अनामत रक्कम, जी बहुधा किमतीच्या दहा टक्के असते, ती विक्रेत्याच्या हातात न देता त्रयस्थाकडे राहावी. सर्व्हेअर तुम्ही निवडावा, दलालाने नव्हे. आणि सर्वसाधारण सर्व्हेअर इंजिनाचे खोल निदान करत नाही, म्हणून त्या दिवशी वेगळा डिझेल मेकॅनिक बोलवावा. अमेरिकेत विक्रीसाठी बांधलेल्या किंवा तेथे आयात झालेल्या बोटींवर नोव्हेंबर १९७२ पासून मागच्या बाजूस बारा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो; तो कागदपत्रांशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. बोटीवरचे थकलेले कर्ज किंवा न चुकवलेले दुरुस्तीचे बिल अनेक देशांत मालकामागे न जाता बोटीमागे जाते, म्हणून ती बोजामुक्त असल्याचा लेखी पुरावा घेतल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नये.

वार्षिक खर्चासाठी ‘खरेदी किमतीच्या दहा टक्के’ असा ठोकताळा सांगितला जातो. नव्या बोटीला तो चालतो, जुन्या स्वस्त बोटीला तो फसवा आहे. पंप, वायर, रंग आणि मजुरी यांचे दर तुम्ही बोट कितीला घेतली हे पाहत नाहीत. ३४ फुटी बोटीचे बिल ३४ फुटी बोटीचेच येते. सर्व्हे समाधानकारक असला तरी खरेदी किमतीचा चौथा ते तिसरा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवावा, असे मी सुचवतो. तो सर्वप्रथम होजपाइप, सी-कॉक, एक्झॉस्ट, बॅटऱ्या आणि डेकच्या गळत्या यांवर खर्च करावा. गाद्या, पडदे आणि नवी इलेक्ट्रॉनिक उपकरणे दुसऱ्या वर्षी. आधीच्या मालकाने काय केले हे माहीत नसल्यामुळे पहिल्या महिन्यात सगळी ऑइले, कूलंट, फिल्टर, पट्टे आणि समुद्रपाणी पंपाचा इंपेलर (आतले पात्यांचे रबरी चाक) बदलून टाकावा. जुन्या इंपेलरची पाती मोजावीत. एखादे कमी असेल तर त्याचा तुकडा हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेला सापडतो आणि तो शोधल्याशिवाय थांबू नये.

नंतरची निगा फारशी कठीण नाही. निघण्यापूर्वी ऑइल, कूलंट, पाण्याची गाळणी आणि बिल्ज पाहणे, चालताना तासाला एकदा इंजिनाच्या खोलीत डोकावणे, पाण्याखालचे झिंक (इतर धातू वाचवण्यासाठी स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे) निम्मे झिजले की बदलणे, आणि प्रत्येक गोष्ट तारीख व इंजिनतासांसह वहीत लिहिणे. स्टफिंग बॉक्समधून, म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर जातो तेथल्या पाणी रोखणाऱ्या भागातून, चालताना मिनिटाला काही थेंब पडणे योग्य आहे; ते पूर्ण थांबवण्यासाठी नट आवळला तर शाफ्ट तापून झिजतो.

या बोटी आडव्या लाटेत डोलतात, आणि गोलसर बूड असलेल्या अधिक डोलतात. मार्ग थोडा वाकवून लाट कोनात घेतली तर आतली माणसे आणि भांडी दोन्ही जागेवर राहतात. धक्क्याला लागताना उंच केबिनवर वारा पकडतो आणि एका पंख्याची बोट मागे घेताना एका अंगाला ओढली जाते : उजव्या फिरकीचा पंखा असेल तर मागचा भाग डावीकडे. हे ओळखून डावी बाजू धक्क्याला लावली तर तोच दोष कामाला येतो. सुकाणू लहान असल्यामुळे कमी वेगात ते धरून नुसते वाट पाहण्यात अर्थ नसतो. सुकाणू पूर्ण वळवून थ्रॉटलचा एक क्षणभर झटका द्यावा आणि लगेच सोडावा, म्हणजे बोट पुढे न धावता जागीच वळते. दोघांनीही हे शांत दिवशी, रिकाम्या धक्क्यावर, आळीपाळीने सुकाणूवर उभे राहून शिकून घ्यावे, कारण दोघांच्या बोटीवर सुकाणू एकालाच येत असेल तर तो आजारी पडलेल्या दिवशी बोट परत आणणारे कोणी उरत नाही.